माळ गळ्यात, सही कागदावर

सोलापुरात मी आयुष्यभर दोन कामं केली. विम्याच्या पॉलिस्या विकल्या आणि आषाढीला पंढरपूरला चालत गेलो. पहिल्या कामानं कागद वाचायला शिकवलं, दुसऱ्यानं माणसं. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना कायद्यानं लग्न करता आलं पाहिजे, असं मी उघड म्हणायला लागलो, तेव्हा ओळखीच्या काहींनी माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे रोखून बघितलं. ही माळ आहे म्हणूनच म्हणतोय, हे त्यांना पटवून देताना भजनी मंडळात, दिंडीत, सोयरिकीच्या बैठकीत बरंच बोलावं लागलं, ऐकूनही घ्यावं लागलं. त्यातून हाती लागलेलं इथं मांडतोय.

१. आधी अर्ज काढा, अध्यात्म नंतर

या विषयावर शास्त्र काय म्हणतं, इथून सुरुवात केली की बैठक मोडते. मी विम्याच्या अर्जापासून सुरुवात करतो.

अर्जात नॉमिनीचं नाव लिहायचा रकाना असतो आणि त्याच्या शेजारी नातं. २०१५ साली विमा कायद्याचं कलम ३९ बदललं. तेव्हापासून आईवडील, नवरा किंवा बायको आणि मुलं यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल, तर पॉलिसीचा पैसा त्याचाच होतो. या नात्यांबाहेरचा कोणी असेल, तर तो पैसे हातात घेतो खरा, पण वारसांसाठी. वारस उद्या दारात आले की मोजून द्यावे लागतात. ‘मित्र’ असं लिहिलं, तर पुष्कळदा अर्जच परत येतो. याच्या मरणानं तुमचं आर्थिक नुकसान काय, असा प्रश्न कागदावर विचारला जातो आणि त्याचं उत्तर द्यायला कागदावर जागा नसते.

माझा एक ग्राहक असाच गेला. दुसऱ्या एका पुरुषाबरोबर त्यानं अख्खी उमर काढली होती. एक भाड्याचं घर, एक स्वयंपाक, एक देव्हारा. शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या रात्री या साथीदारानं काढल्या, डबा यानं नेला, औषधं यानं आणली. ऑपरेशनच्या कागदावर सही मात्र गावाहून आलेल्या भावाची. पुढं पॉलिसीचे पैसेही भावाकडे गेले. भाऊ वाईट नव्हता. एकादशी धरणारा, साधा माणूस. कायद्यानं वारस तो होता, म्हणून त्यानं घेतले. विमा कंपनीनंही नियमाबाहेर काही केलं नाही. सगळ्यांनी आपापल्या जागी बरोबर वागून एक माणूस उघड्यावर पडला.

भविष्यनिर्वाह निधीचं त्याहून कडक. सभासदाला ‘कुटुंब’ असेल, तर त्याबाहेरच्याच्या नावानं केलेलं नामनिर्देशन चालत नाही, आणि त्या योजनेतल्या कुटुंबाच्या व्याख्येत असा साथीदार कुठंच बसत नाही.

हे सगळं मी भजनी मंडळात सांगितलं तेव्हा एक मावशी टाळ खाली ठेवून म्हणाल्या, “म्हंजे सेवा ह्यानं केली आन् ह्याला काहीच न्हाई?” त्यांनी शास्त्र विचारलं नाही, पुराण विचारलं नाही. पुढचं बोलणं सोपं गेलं.

२. देऊळ वेगळं आणि कचेरी वेगळी, हे आस्तिकानंच सांगावं

नास्तिक माणूस हे सांगायला लागला, तर त्याला देऊळच नको आहे, असं लोक धरून चालतात. म्हणून हे आपलं काम.

नागरी विवाहाचा इतिहास मी दिंडीत चालता चालता सांगतो. १८७२ साली ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेन यांच्या खटपटीतून देशात नागरी विवाहाचा पहिला कायदा आला. त्यात अट अशी, की वधूवरांनी लिहून द्यायचं: आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताच धर्म मानत नाही. म्हणजे कचेरीत लग्न हवं असेल, तर आधी देव नाकारा! १९२३ साली हरिसिंह गौर यांच्या दुरुस्तीमुळं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना धर्म न सोडता आपसात असं लग्न करता येऊ लागलं. कोणत्याही धर्माच्या माणसाला, धर्म न सोडता, कोणाशीही नोंदणी करून लग्न करायची मोकळीक मिळाली ती १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं. भक्ताला कचेरीची वाट खुली व्हायला ८२ वर्षं लागली.

या कायद्यात मुहूर्त नाही, होम नाही, आंतरपाट नाही. नोटीस द्यायची, ती कचेरीत लागते, तीस दिवस हरकतींची वाट बघायची, मग तीन साक्षीदारांसमोर सही. संपलं. समलिंगी जोडप्यांचं मागणं या कचेरीपुरतं आहे. गाभाऱ्यापर्यंत ते आलेलंच नाही. ज्या लग्नात धर्मकार्य मुळातच नाही, त्यात धर्म बुडणार कुठून?

“उद्या आमच्या गुरुजींना असली लग्नं लावायला लावतील,” ही भीती मात्र खरी असते. तिला हसू नये. इंग्लंडमध्ये २०१३ साली अशा लग्नांचा कायदा झाला तेव्हा त्यातच लिहून ठेवलं, की कोणत्याही धर्मसंस्थेवर किंवा धर्मगुरूवर सक्ती नाही. क्वेकर पंथानं मात्र त्याच्या चार वर्षं आधी, २००९ सालीच, आम्हाला अशी लग्नं लावायची आहेत, कायदा आड येतो तो बदला, असा ठराव केला होता. ज्याला लावायची त्यानं लावली, ज्याला नको त्याला कोणी हात धरून ओढलं नाही.

आपल्याकडं तर याहून जुनी वाट आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ सालापासून भटजीशिवाय लग्नं लावली. भटजीला बोलावलं नाही तरी त्याची दक्षिणा द्यायची का, यावर जुन्नर भागातलं ओतूरचं प्रकरण कोर्टात गेलं. फुले देव मानणारे होते. आपल्या देवाला ते निर्मिक म्हणत. लग्न कोणी लावायचं हा प्रश्न देव मानणाऱ्या माणसानंच उभा केला, हे सांगितलं की ‘हे सगळं बाहेरून आलं’ म्हणणारे थोडे थांबतात.

३. वाटेतलं मंगळवेढं चुकवू नका

सोलापूरहून पंढरीला तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा अशी वाट आहे. मंगळवेढ्यात चहा पिताना मी मुद्दाम बोलणं काढतो.

परंपरा सांगते, की महात्मा बसवेश्वरांनी बिज्जळ राजाच्या पदरी पहिली नोकरी इथं केली. मग ते कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेले. तिथं बाराव्या शतकात त्यांच्या अनुयायांनी, म्हणजे शरणांनी, एक लग्न ठरवलं: जन्मानं चांभार असलेल्या हरळय्याचा मुलगा आणि जन्मानं ब्राह्मण असलेल्या मधुवरसाची मुलगी. दोन्ही घरं शिवभक्त, दोन्ही बाजू राजी. कर्मठांनी धर्म बुडाल्याची ओरड केली आणि बिज्जळानं दोन्ही बापांना ठार मारवलं. कल्याणात रक्तपात झाला, शरण परागंदा झाले. माझ्या बायकोचं माहेर लिंगायत. तिच्या घरी ही गोष्ट लहान मुलांनाही ठाऊक आहे, आणि त्या घरात बिज्जळाची बाजू घेणारा मला आजवर भेटलेला नाही.

मंगळवेढ्याचंच गावकूस कोसळून त्याखाली संत चोखोबा गेले. ज्यांना हयातीत देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, आणि आज तिथं माथा टेकल्याशिवाय वारकरी पुढं जात नाही. हे सांगून मी गप्प बसतो. ज्याला जोडायचं तो जोडतो. एकदा चहावाल्यानंच जोडलं.

४. पण पुरावा ओढूनताणून काढू नका

शिखंडी, मोहिनी, खजुराहोची शिल्पं असं काढून “बघा, आपल्या धर्मात होतंच की” म्हणणारे तरुण मला भेटतात. हेतू चांगला, पण जाणत्या कीर्तनकारासमोर दोन मिनिटं टिकत नाही. पुराणात एक गोष्ट बाजूची निघाली, तर दुसरी विरुद्ध निघते.

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचं उदाहरण असंच मोहात पाडतं. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, त्याची ती आठवण. बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वज घेऊन येतात, संमती वाचली जाते आणि अख्खं सोलापूर अक्षता टाकतं: मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे, सगळे. यातून समलिंगी विवाहाला शास्त्राधार निघतो का? नाही. निघतो म्हणणं त्या सोहळ्यावरही अन्याय आहे. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की लग्न म्हणजे फक्त नर आणि मादी आणि संतती, इतका कोता अर्थ आमच्या गावानं कधी धरला नाही. याच्या पुढं मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

धार्मिक माणसाला पटणारा आधार याहून साधा आहे. आत्म्याला लिंग नाही, हे आपण रोज ऐकतो. रूथ वनिता यांनी भारतातल्या अशा विवाहांवर पुस्तक लिहिलं, त्यांना अशी लग्नं लावणारे हिंदू पुरोहितही भेटले, आणि त्यांचा युक्तिवाद हाच होता. मध्य प्रदेशात १९८७ साली दोन महिला पोलिसांनी देवाच्या साक्षीनं लग्न केलं आणि नोकरी गमावली. कोर्ट, कायदा, चळवळ यातलं त्यांच्या मागं तेव्हा काही नव्हतं. होता तो विधी.

५. ‘बिचारे’ म्हणू नका

दया दाखवणारा माणूस हक्काच्या कागदावर सही करत नाही. तो चार आणे हातावर ठेवून पुढं जातो.

६. अर्धी सोबत मिळाली तर अर्धी घ्या

आमच्या दिंडीत एक निवृत्त गुरुजी आहेत. ते मला म्हणाले, “माउली, मला हे रुचत नाही. मी त्या लग्नाला जेवायला जाणार नाही. पण सरकारनं त्यांचा कागद अडवू नये.” माझ्या पुण्यातल्या भाच्याला हे सांगितलं तर तो चिडला. त्याच्या दृष्टीनं हा अपमान. मला मात्र गुरुजींची ती तीन वाक्यं गोड भाषणापेक्षा मोलाची वाटतात. भाच्याचं वय चिडायचं आहे, चिडू दे.

मोठ्या धर्मपीठांतही हेच दिसतं. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा जिवंत केलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी सांगितलं, की चर्च अशा लग्नाच्या विरोधात आहे, पण या माणसांना आम्ही गुन्हेगार कधीच मानलं नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली नागरी कायद्यानं अशा जोडप्यांना संरक्षण द्यावं म्हटलं, आणि २०२३च्या डिसेंबरात विवाहविधी सोडून साधा आशीर्वाद द्यायची मुभा धर्मगुरूंना दिली. लग्नाला नाही, माणसाला हो. अर्धंच आहे. पण त्या अर्ध्यानं किती घरांची दारं उघडली असतील, ते आईबापांना विचारा.

७. विरोधकही देवाचं नाव घेतात, आणि बाजूचेही

२०२३च्या एप्रिल-मे महिन्यांत समलिंगी विवाहाच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयात दहा दिवस सुनावणी चालली. ‘जमियत उलेमा-ए-हिंद’नं विरोध केला. त्याआधी मार्चमध्ये संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी, हिंदूंमध्ये विवाह हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषातच होतो, असं सांगितलं होतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे इथं एका ओळीत उभे राहिले. केंद्र सरकारनं प्रतिज्ञापत्रात या मागणीला शहरी उच्चभ्रूंची मागणी ठरवलं. हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. माझ्या ग्राहकांच्या यादीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यातले कामगार आहेत, विडी वळणाऱ्या बायका आहेत, रिक्षावाले आहेत. त्यांच्यातही हे जीव आहेत. उच्चभ्रूंना विमा लागत नाही हो, त्यांच्याकडं वकील असतात.

त्याच वेळी ‘स्वीकार’ या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, की आमच्या हयातीत आमच्या लेकरांची लग्नं कायद्यानं मान्य झालेली बघायची आहेत. मला यात कुठलाही परका विचार दिसला नाही. मुलांचं मार्गी लागलेलं बघून डोळे मिटावेत, ही प्रत्येक आईची इच्छा.

१७ ऑक्टोबर २०२३ला निकाल लागला. विवाहाचा असा मूलभूत हक्क घटनेत नाही, कायदा बदलणं संसदेचं काम, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. जोडप्याच्या सहजीवनाला राज्यानं मान्यता दिली पाहिजे, यावर मात्र ३ विरुद्ध २. त्या दोघांत सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. याच चंद्रचूडांनी पुढं आपल्या खेड तालुक्यातल्या गावी सांगितलं, की अयोध्येच्या खटल्यात मार्ग सापडावा म्हणून आपण देवासमोर बसलो होतो. न्यायाधीशानं असं बोलू नये, असं माझंही मत आहे. पण देव मानणारा माणूस या जोडप्यांच्या बाजूनं उभा राहूच शकत नाही, असं कोणी छातीठोक सांगायला लागलं, तर मी त्याला हे नाव सांगतो.

फेरविचार याचिकाही ९ जानेवारी २०२५ला फेटाळल्या गेल्या.

८. लोकांची मनं तयार होईपर्यंत थांबा, हे साने गुरुजींनी ऐकलं नाही

“समाज अजून तयार नाही” हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलंय. त्यावर आपल्याच जिल्ह्यातलं उत्तर आहे. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी महिनोन्महिने महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषणाला बसले. विरोध करणारे रोज स्नान-संध्या करणारे, गुरुजीही तितकेच भाविक. उपोषणाला जागा दिली तनपुरे महाराजांच्या मठानं, म्हणजे वारकऱ्यांनीच. दहा दिवसांनी उपोषण सुटलं. देऊळ खुलं झालं आणि विठ्ठल विटेवरच राहिला.

त्यात मला गुरुजींइतकाच मठ महत्त्वाचा वाटतो. पुढं होणारा एखादाच असतो. त्याला पथारी टाकायला ओसरी देणारे मात्र आपल्यातले पुष्कळ जण होऊ शकतात. पुण्या-मुंबईहून घर सोडून आलेली समलिंगी पोरं या जिल्ह्यात कोणाकडं उतरतात, याची चौकशी कधी करून बघा.

९. दोन बायकांचं दुखणं वेगळं

पुरुष घराबाहेर पडतो, खोली घेतो, निभावतो. बाईचं लग्न विसाव्या वर्षी बाप लावून टाकतो आणि विषय संपतो. विडीच्या कारखान्यातल्या दोन बायका एकत्र राहतात, गल्ली त्यांना मावसबहिणी म्हणते. गल्लीला ठाऊक आहे, आणि आपल्याला ठाऊक आहे हे गल्ली त्यांना जाणवू देत नाही. हा चांगुलपणा आहे, नाकारणार नाही. पण दोघींपैकी एक गेली तर दुसरीला ना पेन्शन, ना घर. रेशनकार्डाचं थोडं सुधारलंय. २०२४ साली केंद्रानं राज्यांना कळवलं, की अशा जोडीदारांना एका घरातले धरावं. बँकेत जोडखातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असंही त्याच वर्षी जाहीर झालं. ही पत्रं शाखेपर्यंत, दुकानापर्यंत पोचलेली नसतात. छापील प्रत बरोबर न्यावी आणि काउंटरवर आवाज चढवू नये.

१०. आता करायचं काय

कोर्टानं चेंडू संसदेत टाकलाय. खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ला लोकसभेत विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारं खासगी विधेयक मांडलं होतं. पती-पत्नी या शब्दांच्या जागी जोडीदार घालायचं आणि वयाची अट दोन पुरुषांना, दोन स्त्रियांना लागू पडेल अशी लिहायची, इतकंच. ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेलं. सोलापूर, माढा आणि बार्शीसाठी उस्मानाबाद, असे जिल्ह्याला खासदार तीन. समलिंगी जोडप्याचं पत्र आलं तर कार्यालयात ते एका विशिष्ट गठ्ठ्यात पडतं. भजनी मंडळाच्या लेटरहेडवर आलं, तर साहेब किंवा ताई स्वतः वाचतात. म्हणून ते पत्र आपण लिहायचं.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर अशा जोडप्यांनी मृत्युपत्र करून ठेवावं. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. पॉलिसी, बँक, सोसायटी, प्रत्येक ठिकाणचं नामनिर्देशन तपासून घ्यावं. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि नात्यातलं कोणी यायला तयार नसतं. शेजारचं असं जोडपं कागद घेऊन तुमच्या दारात आलं, तर पेन शोधा आणि सही करा.